एकवीस हजार दोनशे ऐंशी जरीब

लोहाऱ्यात कुणाच्या बांधाचा दगड हरवला, की लोक आधी शिव्या द्यायचे, मग एकमेकांची डोकी फोडायचे आणि सगळं करून दमले की बंडप्पाला बोलवायचे. क्रम ठरलेला. आधी बोलवतील तर शपथ!

बंडप्पा काही मोठा अंमलदार नव्हता. निजामाच्या राज्यात जमीनमोजणीच्या कचेरीत त्यानं एकतीस वर्षं जरीब ओढली होती. जरीब म्हणजे तेहतीस फुटांची लोखंडी साखळी. मोजणीदार साहेब छत्रीखाली उभा राहून वहीत आकडे लिहिणार आणि बंडप्पा साखळीचं टोक धरून बाभळी-बोराट्यांतनं पुढं पळणार. साहेब आले आणि साहेब गेले, बदल्या झाल्या, बढत्या झाल्या. बंडप्पाची बढती एवढीच झाली, की त्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली आला. नोकरी सुटली तेव्हा कचेरीनं झिजून लांबलेली एक जुनी जरीब भंगारात टाकली होती. ती त्यानं हात जोडून मागून घेतली आणि घरात खुंटीला टांगली. बायको पार्वतम्मा असती तर म्हणाली असती, आता हिला पण जेवायला वाढू का? पण ती केव्हाच तापानं गेली होती.

एक विद्या मात्र त्याच्याजवळ होती आणि तिचा त्याला भारी तोरा होता. जुन्या मोजणीवाल्यांनी हद्दीचा दगड रोवताना त्याच्या बुडाशी ओंजळभर कोळसा पुरलेला असायचा. दगड उपटून कुणीही नेईल, पण कोळसा कुजत नाही, वाळवी खात नाही, आणि चोराला तो तिथं आहे हे ठाऊकच नसतं. बंडप्पा शाबूत राहिलेले दोन दगड बघायचा, मधून साखळी ताणायचा, ठरल्या जागी पहार मारायचा. हातभर माती निघाली की काळं दिसायचं. भांडणारे दोघे मान खाली घालून उभे. मग बंडप्पा मिशीला हात लावून म्हणायचा, "दोन दगड सापडले ना? मंग तिसरा जातो कुठं?"

हे वाक्य त्याचं ठरलेलं होतं. पोरं त्याला त्यावरून चिडवायची. पण खरं सांगायचं तर त्याच्या सगळ्या जन्माचा भरवसा त्या एका वाक्यावर उभा होता, आणि घात झाला तो त्याच वाक्यानं.

त्याला एकच मुलगा, वीरभद्र. बापाचा वाकडा खांदा बघून त्यानं लहानपणीच कानाला खडा लावला होता, की मरेन पण साखळी ओढणार नाही. लग्न झालं, वर्ष झालं नाही तोच इंग्रजांच्या हद्दीत सोलापूरला जाऊन पलटणीत भरती झाला. लढाई चालू होती. माणसं घेतच होते. चव्वेचाळीसच्या उन्हाळ्यात रजेवर आला तेव्हा अंगावर खाकी, पायात बूट, आणि बोलणं तर विचारूच नका.

"आप्पा, म्या आता आभाळातनं तांदूळ टाकतो," तो म्हणाला.

ओसरीवर बसलेली माणसं फिदीफिदी हसली. पण ते खरंच होतं. आसामात दिंजान म्हणून विमानतळ आहे. तिथून विमानात तांदळाची पोती, खेचरांचा दाणा, औषधं भरायची. डोंगरांपलीकडं ब्रह्मदेशात फोर्ट हर्ट्झ म्हणून दुसरा विमानतळ, तिथं जाऊन उतरायची. वाटेत कुठं आपली फौज अडकलेली असली तर विमानाच्या उघड्या दारात उभं राहून पोती पायानं खाली ढकलायची. वीरभद्रचं काम ते, ढकलायचं. लोहाऱ्याच्या तोंडी फोर्ट हर्ट्झचं 'फोर्टहर्ट' झालं. वीरभद्रची बायको शिवकांता चुलीपाशी बसून ती दोन नावं पुन्हा पुन्हा म्हणायची. दिंजान, फोर्टहर्ट. नवरा कुठं असतो हे कुणी विचारलं तर सांगता यावं म्हणून.

त्या साली नोव्हेंबर सरता सरता तार आली. तार इंग्रजीत. ती वाचायला बंडप्पा दादामियाँ मास्तरांकडं धावला. दादामियाँ उर्दू शाळेत भूगोल शिकवायचे. उंच, हाडकुळे, दम्याचे. त्यांनी तार दोनदा वाचली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"बंडप्पा, बसा."

"बसतो. मेला का?"

"तसं लिहिलं नाही. नऊ नोव्हेंबरला विमान दिंजानवरनं उडालं. फोर्ट हर्ट्झला पोचलं नाही. लापता आहे, म्हणतात. सापडत नाही."

आता दुसरा कुणी बाप असता तर तिथंच कोसळला असता. बंडप्पानं काय करावं? त्यानं मोठ्ठा श्वास सोडला आणि कपाळाची विभूती सावरली.

"सापडत न्हाय एवढंच ना?" तो म्हणाला. "मास्तर, दोन दगड तर हायेत. एक दिंजान, एक फोर्टहर्ट. मधलं अंतर किती?"

दादामियाँना पहिल्यांदा कळेचना हा काय विचारतोय. कळलं तेव्हा त्यांना नाही म्हणवेना. शाळेत सरकारनं लढाईचा एक मोठा नकाशा पाठवला होता. भिंतीवर उर्दूत नावं, एका इंचाला बत्तीस मैल. मास्तरांनी दोन्ही ठिकाणं शोधून बोट ठेवलं. बंडप्पानं करगोट्याचा एक काळा दोरा आणला होता. एका ठिपक्यावर गाठ, ताणून दुसऱ्या ठिपक्यावर गाठ. फूटपट्टीवर दोरा भरला चार इंच आणि वर जरासा. मास्तरांनी पाटीवर गुणाकार केला. एकशे तेहतीस मैल.

"एवढंच?" बंडप्पाचे डोळे चमकले. "अवो, लोहाऱ्याहून हैदराबाद याच्यापेक्षा लांब हाय! माझा आजा हैदराबादला चालत जायचा."

"मधे डोंगर आहेत, बंडप्पा. जंगल आहे. आणि हवाई जहाज म्हणजे काय बैल आहे का, नांगराच्या तासात नीट चालायला? वारा आला, ढग आला, जपान्यांचं विमान आलं, तर ते वळतं. तुमची ही रेघ दोऱ्याची आहे. ते या रेघेवरनं गेलं कशावरनं?"

"मास्तर," बंडप्पा जरा कडक होऊन म्हणाला, "पोरांना भूगोल तुम्ही शिकवा. मोजणी मला नका शिकवू. दोन ठिकाणं ठरली की मधली रेघ एकच असती."

दादामियाँनी फूटपट्टी ठेवून दिली. बुडत्याच्या हातातली काडी कुणी ओढून घेत नाही. पण नंतर ते किती वेळा म्हणाले, तेव्हाच ओढायला हवी होती.

घरी येऊन त्यानं शिवकांतेला दोरा दाखवला. तळहातात मावेल एवढा. एक टोक तिच्या चिमटीत दिलं, एक आपण धरलं आणि खडूनं जमिनीवर हिशेब मांडला. मैलाला एकशे साठ जरीब. एकशे तेहतीस मैलांच्या एकवीस हजार दोनशे ऐंशी.

"दोरा नीट ताणून धर, पोरी. हे बघ, एवढी जरीब तर म्या सालभरात ओढली असती. आता इमान पडलं असंल मधे कुठंतरी. मधेच धरू. म्हंजी सासष्ट मैल. कुठल्याबी तळाकडं निघू दे, जखमी माणूस, रानातली वाट, दिवसाला एक मैल धर. तळावर पोचला की त्याच दिवशी इमानानं आणून सोडतील. सासष्ट दिवस. नऊ नोव्हेंबरपासनं सासष्टावा दिवस कोणता?"

शिवकांतेनं बोटं मोजली. तिला महिने पाठ होते. "चौदा जानेवारी," ती म्हणाली, आणि मग एकदम, "मामंजी, संक्रांत!"

दोघंही हसले. त्या घरात तार आल्यावरचं ते पहिलं हसू, आणि बंडप्पाला ते लई गोड लागलं. एकोणीस वर्षांची पोर ती, हसली की गालाला खळी पडायची.

संक्रांतीला बायका वाण घेऊन आल्या. शेजारची हरणाबाई कुंकवाची कुयरी हातात धरून शिवकांतेपुढं उभी राहिली आणि तिचं बोट तिथंच अडलं. लावावं तरी पंचाईत, न लावावं तरी पंचाईत. तार तर गावभर झाली होती. बंडप्पा ओसरीवरून ओरडला, "लाव की! आज यायचाय त्यो!"

हरणाबाईनं घाईघाईनं कुंकू लावलं. ते जरा वाकडं लागलं. वीरभद्र काही आला नाही. दुपारी नाही, दिवेलागणीला नाही. शिवकांतेनं केलेल्या तीळगुळाच्या पोळ्या तशाच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बंडप्पानं कपाळावर हात मारून घेतला, आणि खरं सांगतो, तो आनंदानं मारून घेतला. चूक सापडली होती! डोंगरात साखळी ओढताना ती उतारावर टाकायची नसते. आडवी ताणून धरतात, पायरी पायरीनं मोजतात. कागदावर येतं ते सपाट अंतर. चालणाऱ्याच्या पायाला मात्र चढही पडतो आणि उतारही.

"चढ धरलाच न्हाय म्या!" तो शिवकांतेला म्हणाला. "एकतीस वर्षं साखळी ओढून ही चूक! सासष्टाची दीडपट कर. नव्याण्णव. शिवरात्र झाल्यावर पाचव्या दिवशी येतोय बघ."

शिवरात्र झाली. पाचवा दिवस गेला, सहावा गेला.

आणि मग शिवकांतेचा भाऊ आला. शरणप्पा, मुरूमकडचा. सरळ माणूस, बोलायला फटकळ. त्यानं बहिणीला आत पाठवलं आणि बंडप्पापुढं मांडी घातली.

"मामा, आडपडदा ठेवत न्हाय. येणेगूरला बसप्पा म्हणून हाये. बाजारोबाजार कापड विकतो. बायको गेली, तीन वर्षांची लेक हाये. निर्व्यसनी माणूस. शिवाला त्यानं लग्नात पाहिलंय, पाट लावायला तयार हाये. आपल्या लिंगायत समाजात त्याला कुणाची ना न्हाय. स्वामींना इचारलं. ते म्हणले, घरातल्या वडील माणसानं एकदा तोंडानं म्हणावं, की गेला. मंग क्रियाकर्म करू, पोरगी मोकळी. तुमच्या तोंडाकडं बघतोय समदं."

बंडप्पाचा चेहरा उतरला. खोटं कशाला बोला, त्याच्या मनात त्या क्षणी काय काय आलं असेल. पोरगा गेला म्हणायचं म्हणजे आपल्या हातानं माती ढकलायची. आणि ही पोर गेली की घरात उरणार कोण? खुंटीवरची साखळी आणि आपण. हा स्वार्थ त्याच्या मनात होता की नव्हता, ते देव जाणे. असला तरी त्यानं तो मोजणीखाली झाकून टाकला.

"माझी मोजणी पुरी झाली न्हाय," तो म्हणाला.

"अजून काय राहिलं?"

"म्या अर्धं अंतर का धरलं? इमान दिंजानपाशीच पडलं असंल आन् पोरगं वाट चुकून फोर्टहर्टाकडं चाललं असंल तर? पुरं एकशे तेहतीस धरायला पायजे. त्याची चढासकट दीडपट. दोनशे दिवस होतात. अठ्ठावीस मे."

शरणप्पा त्याच्याकडं बघतच राहिला. "मामा, बसप्पा बसवजयंतीपर्यंत थांबतो म्हणलाय. त्याची लेक आईवाचून हगवणीनं वाळून चाललीय, त्याला त्याच्यापुढं थांबता येत न्हाय. बसवजयंती चौदा मेला हाये. चौदा दिवसांचा तर फरक! तेवढे सोडा की."

"शरणप्पा, एकतीस वर्षांत म्या बोटाची सूट दिली न्हाय कुणाला."

"अवो, पण हा बांध न्हाय, बाईमाणसाचा जलम हाय!"

आतून बांगड्या वाजल्या. दाराच्या आडून शिवकांता म्हणाली, "दादा, मामंजींची मोजणी कधी चुकली न्हाय. अठ्ठावीसपर्यंत ऱ्हाऊ दे."

शरणप्पा उठला. पाणीसुद्धा प्यायला नाही. जाता जाता म्हणाला, "तुमची साखळी लोखंडाची हाये मामा, पण पोरीच्या पायात का घालताय?" बंडप्पाला हे फार लागलं.

चैत्र गेला. येरमाळ्याच्या येडेश्वरीच्या जत्रेला गावातली निम्मी माणसं गेली. बंडप्पा गेला नाही. न जाणो, तेवढ्यात पोरगं यायचं आणि घराला कडी दिसायची. बसवजयंती आली आणि गेली. शरणप्पा त्यानंतर एकदा येऊन बहिणीशी मागच्या दारी दोन शब्द बोलून गेला, एवढं हरणाबाईनं बघितलं. बंडप्पा तेव्हा शाळेच्या भिंतीपाशी होता, पुन्हा एकदा दोरा नकाशाला लावून बघत. घरी आला तेव्हा शिवकांता भाकरी थापत होती. तिचे डोळे लाल होते. चुलीचा धूर असंल, असं त्याला वाटलं. तो म्हणाला, "दोरा बरोबर हाय. केसाचा फरक न्हाय." ती म्हणाली, "बरं झालं." आणि जेवण झाल्यावर तिनं रोजच्यासारखं दोऱ्याचं टोक धरलं.

अठ्ठावीस मेला तो सकाळपासून मोटारीच्या नाक्यावर जाऊन बसला. धूळ उडवत मोटार आली, चारदोन माणसं उतरली, मोटार गेली. तो तसाच बसून राहिला. ऊन डोक्यावर आलं तशी शिवकांता तांब्या घेऊन आली. पाणी पाजलं आणि हाताला धरून घरी घेऊन गेली. वाटेत त्यानं विचारलं, "दिवसाला एक मैल म्हंजी जास्त धरला का गं म्या?" ती म्हणाली, "आसंल."

जून लागला आणि मकबूल आला. नळदुर्गचा पोरगा, वीरभद्रच्याच कंपनीतला. रजा मिळाल्याबरोबर घर विचारत विचारत लोहाऱ्याला आला होता. ओसरीवर बसला, पण मान वर करेना. बंडप्पानं दादामियाँना बोलावून घेतलं. हिशेब समजणारा माणूस जवळ असावा म्हणून.

"बोल बाबा," बंडप्पा म्हणाला. "कुठवर शोधलं तुमी? कोणत्या मैलापर्यंत?"

"काका, मैल कसला?" मकबूलनं टोपी हातात चुरगाळली. "म्या त्याच्या मागच्याच इमानात होतो. आमी उडालो. डोंगरावर ढग होते म्हणून पुढचं इमान वाट सोडून डावीकडं वळलं. फोर्टहर्टाच्या वाटेवर ते गेलंच न्हाय. ढगात शिरलं, आन् कड्याला धडकलं. जाळ झाला. म्या माझ्या डोळ्यानं बघितला, काका. दुसऱ्या दिवशी वरनं बघून आले. काळं पडलेलं झाड अन् शेपटाचा पत्रा. तिथं माणसाला उतरता येत न्हाय. म्हणून कागदावर लापता लिहिलं. आमाला तर कुणाला लिहायचीच मनाई होती."

बंडप्पाचे ओठ हलले. "दिंजानपासनं किती लांब?"

"दहा-बारा मैल. उडून पाच मिनिटं झाली न्हवती."

दादामियाँ खोकत राहिले. बंडप्पाचं बोट मात्र आपोआप जमिनीवर फिरू लागलं. बारा मैल. चढासकट अठरा. दिवसाला एक मैल धरला तरी सत्तावीस नोव्हेंबर. म्हणजे पोरगं जिवंत असतं, तर तार आली त्याच्या आसपास ते तळावर चालत येऊन पोचलं असतं. संक्रांत नाही, शिवरात्र नाही, अठ्ठावीस मे तर नाहीच नाही. पहिला खडू जमिनीला टेकला त्याच्या आधीच मोजणी संपलेली होती. आणि रेघेवर तर ते कधी नव्हतंच.

बंडप्पा एकदम लहान पोरासारखा रडायला लागला. हुंदके नाहीत, मोठ्यानं, तोंड उघडून. मकबूलही रडला. आत शिवकांता रडते आहे का, ते कुणाला ऐकू आलं नाही.

तिसऱ्या दिवशी स्वामी आले. आपल्यात माणसाला बसवून, हातात लिंग देऊन मातीत ठेवतात. इथं ठेवायला काय होतं? बंडप्पा म्हणाला, दगड रोवू. स्मशानात पार्वतम्माच्या शेजारी त्यानं स्वतः पहारीनं खड्डा काढला, कुणाला हात लावू दिला नाही. मग शिवकांतेला म्हणाला, "चुलीतला कोळसा आणलास?"

तिनं पदरात आणला होता. त्यानं तो ओंजळीत घेतला आणि तसाच थांबला.

"स्वामी," तो म्हणाला, "एकतीस वर्षांत म्या खोट्या जागी कोळसा घातला न्हाय. मोजणीदारानं दम दिला, पाटलानं कोंबडं देतो म्हणलं, तरी घातला न्हाय. आज घालतोय. पोरगं हितं न्हाय."

त्यानं कोळसा घातला. त्यावर तो दोन गाठींचा दोरा टाकला. त्यावर दगड उभा केला आणि माती लोटली. शिवकांतेनं बांगड्या त्या दगडावर फोडल्या. शेवटची फुटेना, ती हरणाबाईनं फोडली.

त्या संध्याकाळी दारातून बाहेर पडता पडता दादामियाँ नुसतं एवढंच म्हणाले, "बंडप्पा, आता पोरीचं बघा." आणि बंडप्पाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बसप्पा! चौदा मे होऊन महिना पण झाला नाही. तीन वर्षांची लेक आहे, घाई आहे, पण माणूस निर्व्यसनी आहे, समजूतदार आहे. पाय धरले तर ऐकेल. शरणप्पाला कशाला सांगायचं, तो तर तोंडही बघत नाही. आपणच जायचं.

सकाळी शिवकांता पाण्याला गेली तेव्हा तो काठी घेऊन निघाला. मोटारीची वाट कोण बघणार? तसाच शेताशेतातनं चालत. पावसानं ओढ दिलेली, ढेकळं तापलेली, उजवा गुडघा ठणकत होता. सवयीनं पावलं मोजली गेली. आठ मैल भरले. बाराशे ऐंशी जरीब. एवढं जवळ आहे हे येणेगूर, त्याला वाटलं, आणि त्याला स्वतःचाच राग आला.

कापडवाल्या बसप्पाचं घर लगेच सापडलं. दारावर आंब्याच्या डहाळ्यांचं तोरण वाळून कडकडीत झालेलं. ओसरीवर एक बारीक, मोठ्या डोळ्यांची पोर बसून गूळ चोखत होती. हाक मारली तशी आतून एक तरुण बाई आली. हातात कोपरापर्यंत हिरवा चुडा. तिनं वाकून विचारलं, "कोण पायजे आजोबा? मालक उमरग्याच्या बाजाराला गेलेत." आणि त्या पोरीनं जाऊन तिच्या कमरेला मिठी मारली.

"कोण न्हाय," बंडप्पा म्हणाला. "तहान लागली होती."

तिनं पाणी दिलं, वर गुळाचा खडा दिला. पाणी गोड होतं. तो प्यायला, पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि परत फिरला. येताना त्यानं पावलं मोजली नाहीत. मधे दोनदा बांधावर बसला. एकदा तर तिथंच आडवं व्हावं असं वाटलं.

घरी पोचेपर्यंत दिवस कलला होता. शिवकांता दारात उभी होती. कपाळ मोकळं, हात मोकळे. तिनं काठी घेतली, पायावर पाणी घातलं, त्याच्या टाचांची धूळ बघितली.

"कुठं गेलता मामंजी?"

त्याच्यानं खोटं बोलवेना. "येणेगूरला."

ती पाणी घालायची थांबली. मग हळूच म्हणाली, "एवढं चालत कशाला गेलात? मला इचारलं असतं तर सांगितलं असतं. त्यांचं लगीन झालं की, बसवजयंतीच्या दुसऱ्याच दिवशी. दादा मागच्या दारी येऊन सांगून गेला होता."

बंडप्पा तिच्याकडं बघत राहिला. त्या दिवसानंतर अठ्ठावीस तारखेपर्यंत रोज जेवण झालं की तिनं दोऱ्याचं टोक धरलं होतं, घट्ट, त्यानं सांगितलं तसं ताणून.

"मंग तवाच बोलली का न्हाईस?" त्यानं विचारलं. "एका शब्दानं तरी?"

शिवकांतेनं तांब्या खाली ठेवला आणि पदरानं त्याचे पाय पुसायला घेतले.

"तुमी मोजत होता ना," ती म्हणाली.